कानांनीं वाचलेल्या कादंबऱ्या

पुस्तक ऐकलें तर तें वाचलें असें म्हणावें काय, हा प्रश्न आजकाल ज्या घरांत चार कपाटें पुस्तकांचीं व चार मोबाईल आहेत अशा प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां निघतो. बहुधा तो वडील मंडळींकडून निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा प्रश्नाच्या स्वरांतच दिलेलें असतें. सून भाजी निवडतांना 'मिडलमार्च' ऐकते, मुलगा कचेरींत जातां-येतां लोकलच्या गर्दींत 'वॉर अँड पीस' ऐकतो, आणि सासरेबुवा म्हणतात, "हें वाचन नव्हे, ही करमणूक." डोळ्यांना शीण झाला नाहीं, पानाचा कोपरा दुमडला नाहीं, शब्दकोश उघडला नाहीं, मग विद्या आली कोठून?

या आक्षेपाचा विचार आदरानेंच केला पाहिजे, कारण ज्यांनीं जन्मभर पुस्तकांवर प्रेम केलें त्यांचा तो आहे. परंतु निदान एका वाङ्मयप्रकारापुरता तरी तो लागू पडत नाहीं, असें माझें मत आहे. आणि तो प्रकार म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील कादंबरी. ती डोळ्यांकरितां जितकी लिहिली गेली तितकीच कानांकरितांही लिहिली गेली.

इंग्लंडांत त्या शतकाच्या मध्यावर नवी कादंबरी पुष्कळदां तीन खंडांत निघे व तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. खाऊनपिऊन सुखी अशा कुटुंबालाही ही चैन सहसा परवडत नसे. तेव्हां वाचकांना दोन वाटा उरत. म्यूडीसारख्या ग्रंथालयाची वर्गणी भरून खंड घरीं आणावयाचा, किंवा दरमहा एक शिलिंग देऊन कादंबरीचा एकेक अंक विकत घ्यावयाचा. चार्ल्स डिकन्सचें 'पिक्विक पेपर्स' १८३६-३७ मध्यें असें अंकाअंकानें निघालें, आणि त्याला जें यश आलें त्यानें ही दुसरी पद्धत रूढ झाली. बत्तीस पानांचा मजकूर, दोन चित्रें, पुढेंमागें जाहिराती. असा एकच अंक घरांत आला म्हणजे तो दहा जणांनीं दहा दिवस ओढाताण करून वाचण्यापेक्षां एकानें दिव्याजवळ बसून मोठ्यानें वाचावा आणि बाकीच्यांनीं शिवणटिपण करीत ऐकावा, हेंच सोईचें होतें. एक दिवा, एक अंक आणि दहा जोड्या कान, असा तो हिशेब होता.

लेखनाची घडणही या हिशेबानेंच झाली. 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी मार्च १८५२ मध्यें सुरू झाली आणि सप्टेंबर १८५३ मध्यें संपली. एप्रिलमध्यें कानांवर पडलेलें पात्र ऑगस्टमध्यें पुनः आलें तर श्रोत्यांनीं त्याला ओळखावें कसें? मागचें पान उलटून पाहण्याची सोय नाहीं. वाचणारा तर पुढें गेलेला. म्हणून डिकन्स आपल्या प्रत्येक पात्राला बोलण्याची एक लकब बांधून देतो. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधील युरिया हीप तोंड उघडतो तों आपल्या नम्रतेचें तुणतुणें वाजवितो. मिकॉबर महाशय मोठमोठीं वाक्यें उभारतात आणि मध्येंच दमून साध्या चार शब्दांत सर्व ओतून मोकळे होतात. पानावर ही पुनरुक्ति चौथ्या-पांचव्या वेळीं डोळ्यांना कंटाळवाणी होते. कानांना मात्र तीच ओळखीच्या पाहुण्याच्या खोकल्यासारखी वाटते. मंडळी दाराशीं येण्यापूर्वींच आपण म्हणतों, आले बुवा!

डिकन्सला ऐकणाऱ्यांविषयीं जी आस्था होती ती त्याच्या शेवटच्या पूर्ण झालेल्या कादंबरींत, म्हणजे १८६४-६५ मधील 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्यें, फार मौजेनें प्रकट झाली आहे. तिच्यांतील बॉफिन हा एका श्रीमंत केरकचऱ्याच्या व्यापाऱ्याचा जुना नोकर. धन्याची संपत्ति हातीं येते, पण अक्षरओळख नाहीं. उतारवयांत विद्येची हौस वाटून तो एका लांकडी पायाच्या रस्त्यावरील विक्रेत्याला, सायलस वेगला, पगारी वाचक नेमतो आणि त्याच्याकडून गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा अवाढव्य इतिहास वाचून घेतो. तें साम्राज्य रशियन आहे असा बॉफिनचा समज! वेग विशेषनामांचा चेंदामेंदा करीत धडाधड वाचत जातो. त्याचें चित्त बॉफिनच्या पैशाकडे. आणि ऐकणारा बॉफिन मात्र त्या बादशहांचीं क्रूर कृत्यें ऐकून गर्भगळित होतो. पुस्तकांत एवढे भयंकर लोक कोंडून ठेवलेले असतात याची त्याला कल्पनाच नव्हती. त्या संध्याकाळीं गिबन कोणीं वाचला, ज्याचे डोळे ओळींवरून फिरले त्यानें, कीं ज्याच्या अंगावर कांटा आला त्यानें? आरंभींच्या प्रश्नाचें याहून चोख उत्तर मला दुसरीकडे सांपडलेलें नाहीं.

त्याच कादंबरींत बेट्टी हिग्डन नांवाची एक गरीब म्हातारी आहे. तिनें सांभाळलेला स्लॉपी नांवाचा अनाथ पोरगा तिला वर्तमानपत्र वाचून दाखवितो, आणि पोलिसांच्या हकीकतींतील प्रत्येकाला निराळा आवाज देतो याचा तिला कोण अभिमान! आजचे नांवाजलेले ग्रंथवाचक जें करितात तेंच हा पोर एका दरिद्री खोपटांत करीत होता.

स्वतः डिकन्स हा त्या पोराचा थोरला भाऊ म्हणावा. १८५८ पासून त्यानें आपल्या कादंबऱ्यांतील निवडक प्रवेश तिकिट लावून लोकांपुढें वाचण्यास आरंभ केला, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिका मिळून साडेचारशेंहून अधिक वाचनें केलीं. त्याकरितां त्यानें आपल्या कादंबऱ्यांना निर्दयपणें कात्री लावली व समासांत अभिनयाच्या खुणा लिहून ठेवल्या. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रवेश तो १८६९ पासून वाचूं लागला; त्या वाचनानंतर त्याची नाडी शंभरांपलीकडे जाई आणि डॉक्टर ती मोजीत बसत. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें प्रकृति ढासळून दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. तरी १५ मार्च १८७० रोजीं लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्यें त्यानें शेवटचें वाचन केलेंच. ९ जून रोजीं तो गेला. एडिसनचें ध्वनिलेखन-यंत्र निघालें १८७७ मध्यें, म्हणजे अवघ्या सात वर्षांनीं. त्यामुळें ज्या आवाजासाठीं लोक थंडीवाऱ्यांत रांगा लावून उभे राहात, त्यांतील एक शब्दही आज कोठें शिल्लक नाहीं.

त्या यंत्राचे संभाव्य उपयोग एडिसननें १८७८ मध्यें एका लेखांत मोजून दाखविले, त्यांत अंधांकरितां बोलक्या पुस्तकांचा उल्लेख अगदीं आरंभींच आहे. पण पत्र्याच्या वर्खावर दोन-चार मिनिटांपलीकडे कांहीं मावत नसे. तेथें तीन-तीन खंड मावावे कसे? १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व इंग्लंडांत अंध वाचकांसाठीं लांब वेळ चालणाऱ्या तबकड्या निघाल्या, तेव्हां कोठें संपूर्ण कादंबरी कानांनीं ऐकतां येऊं लागली. पुढें कॅसेटा आल्या. पण बाजारांतील बऱ्याचशा कॅसेटांत सबंध कादंबरी तीन तासांत गुंडाळलेली असे. आजचा श्रोता भाग्यवान. 'ब्लीक हाऊस' साधारण पस्तीस तासांचें, 'वॉर अँड पीस' साठांच्या आसपास, आणि एक अक्षरही न गाळतां. मात्र घेतांना 'संपूर्ण' हा शब्द पाहून घ्यावा. संक्षेपाचा धंदा अजून बंद झालेला नाहीं.

आतां दुसरा आक्षेप. हात कामांत गुंतलेले असतांना ऐकलेल्या पुस्तकाकडे लक्ष तें काय राहणार? याला क्यूबा बेटांतील विडीकामगारांचें, म्हणजे तेथील सिगार वळणाऱ्यांचें उदाहरण देतों. १८६५ मध्यें हवाना शहरांतील 'एल फिगारो' कारखान्यांत अशी प्रथा पडली कीं, कामगारांनीं वर्गणी काढून एक वाचक नेमावा, आणि त्यानें उंच आसनावर बसून, हात पानें वळीत असतांना, सर्वांना वाचून दाखवावें. ती इतर कारखान्यांतूनही झपाट्यानें पसरली. दुसऱ्याच वर्षीं स्पॅनिश सरकारनें वाचनावर बंदी घातली. कामगारांचें चित्त विचलित होतें, ही सबब. सासरेबुवांचाच आक्षेप, फक्त सरकारी शिक्क्याचा! पण प्रथा मेली नाहीं. व्हिक्टर ह्यूगो आणि अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबऱ्या त्या लोकांना इतक्या प्रिय झाल्या कीं, 'माँटेक्रिस्टो' या प्रसिद्ध सिगारचें नांव द्यूमाच्या कादंबरीवरून पडलें. लक्ष नसतें तर नांव कशाला ठेवतील? पोळ्या लाटणें, वाती वळणें, कपड्यांच्या घड्या घालणें हीं कामें हातांना पाठ असतात, मन रिकामें असतें. आमच्या घराघरांतून बायकांचें असें रिकामें मन पिढ्यानुपिढ्या वायां गेलें. त्यांना पुस्तकांची आवड नव्हती असें नव्हे. पुस्तक धरावयास हात मोकळा नव्हता. माझ्या दृष्टीनें या बोलक्या पुस्तकांचा सर्वांत मोठा उपकार हाच आहे, आणि 'ऐकणें म्हणजे वाचणें नव्हे' असें म्हणणाऱ्यांनीं आपण हें कोणाला म्हणत आहों, इकडे एकदां पाहावें.

आमच्या घरची एक हकीकत येथें सांगतों. थोरले काका महाविद्यालयांत तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते. निवृत्तीनंतर कांहीं वर्षांनीं दृष्टीचा मधला भाग अंधुक होत गेला. माणसाच्या चेहऱ्याच्या कडा दिसतात, चेहरा दिसत नाहीं, आणि छापलेली ओळ तर नाहींच नाहीं. पुतण्यानें 'मिडलमार्च' ऐकावयास दिलें तेव्हां पहिले दोन महिने त्यांनीं हात लावला नाहीं. दुसऱ्यानें वाचून दाखवावें ही वेळ आली, हेंच त्यांना टोंचत होतें. शेवटीं ऐकावयास तयार झाले, पण इअरफोनची बोंडें कानांत खुपतात म्हणून आवाज उघडा ठेवावा लागला. आणि अशा रीतीनें, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, रोज संध्याकाळीं माजघरांत जॉर्ज एलियट बोलूं लागली.

ज्यांनीं ही १८७१-७२ मध्यें आठ भागांत निघालेली कादंबरी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल कीं, तिच्यांतील पंडित कॅसॉबन याचीही दृष्टि जुन्या पोथ्या वाचून अधू झालेली असते. त्याला संध्याकाळीं वाचून दाखविणारें माणूस हवें असतें, पण आवाजाच्या बाबतींत तो मोठा चोखंदळ. विशीही न गांठलेली डोरोथिया त्याच्याशीं लग्न करावयास निघते आणि विचारते कीं, आंधळ्या मिल्टनच्या मुली जसें त्याला वाचून दाखवीत तसें आपणही लॅटिन आणि ग्रीक, अर्थ न कळला तरी, मोठ्यानें वाचावयास शिकूं काय? हा भाग चालला असतां काका कांहींसे अस्वस्थ होऊन हंसले. काकू जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचें कॉलेज पहिल्याच वर्षीं लग्नामुळें सुटलें. इंग्रजी अडे तेथें त्या थांबवून अर्थ विचारीत, काका सांगत. चौथ्या-पांचव्या दिवशीं त्यांनीं विचारलें, "अहो, ही मुलगी त्याला हो कां म्हणाली?"

काकांनीं तिच्या ध्येयवादाविषयीं, थोर कार्याच्या तिच्या ओढीविषयीं सांगितलें. वर्गांत हेंच सांगत असले पाहिजेत. काकूंनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "तसें नव्हे. तिला शिकायचें होतें. आणि शिकायला तिच्यापुढें तेवढें एकच दार होतें."

काका बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "अगं, पुढचें लाव." तीस वर्षें परक्या मुलांना शिकविलेली कादंबरी त्या घरांत प्रथमच शिकविली जात होती, आणि कोण कोणाला शिकवीत होतें हें सांगणें कठीण.

यावरून सर्वांनीं नेहमीं एकत्र बसूनच ऐकावें असा माझा आग्रह आहे असें कोणी समजूं नये. मोठ्यानें वाचण्याच्या जुन्या प्रथेला एक काळी बाजू होती, आणि ती झांकणें बरें नव्हे. काय वाचावयाचें आणि काय गाळावयाचें हें वाचणारा ठरवी, आणि वाचणारा बहुधा घरचा कर्ता असे. मुलींसमोर वाचतां येणार नाहीं तें लिहूंच नये, असा दंडक संपादकांनीं व ग्रंथालयांनीं लेखकांवर लादला. थॉमस हार्डीच्या 'टेस'मध्यें पाण्यानें भरलेल्या वाटेवरून नायक चार गवळणींना एकेक करून उचलून नेतो. १८९१ मध्यें हीच कादंबरी साप्ताहिकांतून निघत असतां त्याला त्या मुली एकचाकी हातगाडींतून न्याव्या लागल्या! तेव्हां तरुण मुलीच्या कानांतील इअरफोन हा केवळ एकलकोंडेपणा नव्हे. वडिलांच्या हातगाडीशिवाय पलीकडे जाण्याची ती एक सोय आहे. तिला ती असूं द्यावी. दिवसां आपापलें, आणि संध्याकाळीं एखादें सामाईक, असा तोडगा मला पसंत आहे.

ऐकण्यांत तोटाही आहे. जेन ऑस्टिनचें उदाहरण घ्या. तिच्या कादंबऱ्यांत अमुक वाक्य लेखिकेचें, कीं नायिकेच्या मनांतील, हें पुष्कळदां मुद्दामच संदिग्ध असतें, आणि त्या संदिग्धतेंतच सारा खोडकरपणा. मोठ्यानें वाचणाऱ्याला कोठला तरी एक स्वर लावावाच लागतो. स्वर लागला कीं खोडी संपली. म्हणून 'एम्मा' आधीं डोळ्यांनीं वाचावी आणि मग ऐकावी. डिकन्सचें उलट, तो आधीं ऐकावा. जॉर्ज एलियटचीं लांबलचक वाक्यें पानावर धाप लावतात, पण समजून वाचणाऱ्याच्या मुखांतून आलीं म्हणजे त्यांतील गांठी आपोआप सुटतात. 'ब्लीक हाऊस'मध्यें निम्मी कथा त्रयस्थ निवेदक वर्तमानकाळांत सांगतो व निम्मी एस्थर नांवाची मुलगी भूतकाळांत. दोन निराळ्या वाचकांनीं वाचलेली आवृत्ति मिळाली तर तीच घ्यावी.

वाचकाची निवड ही तर अर्धी लढाई आहे. २००५ मध्यें सुरू झालेल्या 'लिब्रिव्हॉक्स' या उपक्रमांत जगभरचे हौशी लोक स्वामित्वहक्क संपलेलीं पुस्तकें विनामूल्य वाचून ठेवितात; असे ग्रंथ आतां वीस हजारांवर गेले आहेत. त्यांत कधीं कधीं प्रत्येक प्रकरण नव्या माणसानें वाचलेलें असतें. एक इंग्रज, दुसरा अमेरिकन, तिसऱ्याला सर्दी. त्याचा त्रास होतो; पण दिव्याजवळ पाळीपाळीनें वाचणाऱ्या कुटुंबाची आठवणही त्यानेंच होते. यंत्राच्या कृत्रिम आवाजांत वाचलेलीं पुस्तकें अलीकडे निघूं लागलीं आहेत, तीं मात्र मला सोसत नाहींत. त्यांत उच्चार शुद्ध असतील. थट्टा कोठली आणि दुःख कोठलें, याची दाद नसते. वेग वाढवून ऐकणाऱ्यांना तर मी एवढेंच म्हणेन कीं, एकोणीस महिने पुरवून खाण्यासाठीं केलेला पदार्थ दीडपट वेगानें गिळण्यांत कोणता लाभ?

आणि मराठीचें काय? १८९० मध्यें पुण्यांत 'करमणूक' निघालें तें कुटुंबांतील लहानथोरांनीं वाचावें म्हणूनच, आणि त्यांतून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९३ पर्यंत क्रमशः चालली. ती सारी यमूच्या तोंडची हकीकत आहे; एका बाईनें बसून सांगितलेली, घरांतल्या बोलीचीं वळणें जशींच्या तशीं ठेवून. अशी कथा पानावर निम्मीच उरते. हरिभाऊ १९१९ मध्यें वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं आपल्या कायद्याप्रमाणें त्याचें लेखन सर्वांचें होतें. तेव्हां ज्या घरांत आजीचा आवाज अजून खणखणीत आहे त्या घरांतील मुलांनीं कोणाची वाट न पाहतां तिच्यासमोर मोबाईल ठेवावा व रोज एक प्रकरण वाचून घ्यावें. यमूच्या सासुरवासाचा भाग आला म्हणजे ती मध्येंच थांबून स्वतःचें कांहीं सांगूं लागेल. तें पुसून टांकूं नये.

इंग्रजींत आरंभ कोठून करावा असें विचारणाऱ्यांना मी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' सुचवितों. १८६०-६१ मध्यें ती साप्ताहिकांतून निघाली, त्यामुळें प्रकरणें आटोपशीर आहेत. एकूण ५९, एकाला सरासरी वीस मिनिटें लागतात, म्हणजे रोज एक म्हटलें तर दोन महिन्यांत पुरी होते. तिच्यांत वेमिकचा बहिरा म्हातारा बाप सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवितो आणि वाचतां वाचतां डोकें तरी मेणबत्तींत घालतो नाहीं तर कागद तरी, तो प्रसंग घरांतील म्हाताऱ्यांना विशेष आवडेल. लहान मुलें बसणार असतील तर पहिलें प्रकरण मात्र जेवणापूर्वीं लावावें. त्यांत संधिप्रकाश, स्मशान आणि पायांत बेडी असलेला पळून आलेला कैदी आहे; निजण्याच्या वेळीं लावलें तर त्या रात्रीं कोणी निजणार नाहीं.